मार्केटिंगमधली नोकरी निवडताना पाटी वाचू नका, काम वाचा

‘मार्केटिंग मॅनेजर’ ही दोन शब्दांची पाटी. एका कंपनीत ती ज्याच्या नावापुढे लागते तो नव्या उत्पादनाची किंमत ठरवण्याच्या बैठकीत बसतो, जाहिरातींचं वर्षाचं बजेट वाटतो आणि सहा जणांच्या टीमचं अप्रेझल करतो. दुसऱ्या कंपनीत हीच पाटी लावलेला माणूस एकटाच असतो. सकाळी सोशल मीडियाच्या पोस्ट लिहायच्या, दुपारी प्रदर्शनाचे बॅनर छापायला द्यायचे, संध्याकाळी यादीतल्या लोकांना फोन करायचे. दोन्ही कामं खरी आहेत आणि दोन्हींतून शिकायला मिळतं. पण पहिलं समजून दुसरं स्वीकारलं, तर वर्षभर मनस्ताप होतो आणि दोष मात्र आपण स्वतःला देत बसतो.

मी बरीच वर्षं या क्षेत्रात आहे आणि नवख्यांच्या मुलाखती घेते. मेहनती मुलं केवळ पदाच्या नावावर भाळून चुकीच्या जागी अडकलेली पाहिली की फार वाईट वाटतं. त्यासाठी हा लेख. कोणतीही नोकरी समोर आली की दोन प्रश्न विचारायचे. ग्राहकाच्या वाटेवर मी नेमकी कुठे उभी असेन? आणि मला काय ठरवायचा अधिकार असेल? पहिल्या प्रश्नाने कामाचा प्रकार कळतो, दुसऱ्याने पातळी. पाटीवर काय लिहिलंय ते त्यानंतर बघायचं.

पायरी १: विक्री आणि मार्केटिंग वेगळं ओळखा

जाहिरातीत ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि पहिल्याच दिवशी हातात येते ती भेटी घ्यायच्या लोकांची यादी. ‘सेल्स’ शब्दाला उमेदवार बिचकतात, ‘मार्केटिंग’ म्हटलं की अर्ज येतात, म्हणून हे सर्रास चालतं.

विक्रीत तुम्ही एकेका ग्राहकाशी बोलून सौदा पूर्ण करता. मार्केटिंगमध्ये अनेक ग्राहकांचा एकत्र विचार करावा लागतो: कोणासाठी काय बनवायचं, कोणत्या किमतीला द्यायचं, ते कुठे मिळेल आणि लोकांना ते कळणार कसं. मार्केटिंगचे अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार ‘पी’, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन, आजही प्रत्येक अभ्यासक्रमात भेटतात. नवख्याला दिसतो तो फक्त शेवटचा पी. उरलेले तीन हाती यायला बरीच वर्षं जातात, आणि ते हाती आले की समजावं आपली पातळी खरोखर बदलली.

ओळखायचं कसं, तर जेडीमधली, म्हणजे कामाच्या वर्णनातली, क्रियापदं बघा. ‘भेटी घेणे’, ‘फॉलोअप करणे’, ‘डील क्लोज करणे’, वैयक्तिक मासिक टार्गेट, इन्सेंटिव्ह, ‘स्वतःचं वाहन आवश्यक’ असं दिसलं की ती विक्रीची नोकरी. ‘आखणे’, ‘लिहिणे’, ‘मोजणे’, ‘चाचणी घेणे’, ‘एजन्सीशी समन्वय ठेवणे’ असं असेल तर मार्केटिंगची.

विक्रीला कमी लेखू नका. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्या आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना आधी विक्रीच्या फेऱ्यांवर पाठवतात. दुकानदार माल मागे का ठेवतो, ग्राहक कोणत्या शब्दाला मान हलवतो, हे तिथेच कळतं. विक्रीत वर्षभर घालवलेला उमेदवार माझ्यासमोर आला तर मी त्याचं ऐकायला जास्त वेळ देते. फक्त आपण विक्रीत चाललो आहोत हे जाणून जा. आणि नोकरी देण्याआधी प्रशिक्षणाच्या किंवा डिपॉझिटच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

पायरी २: कोणत्या बाजूला बसायचं ते ठरवा

एक बाजू कंपनीची, जिला या धंद्यात ‘क्लायंट साइड’ म्हणतात. दुसरी एजन्सीची, जी अशा कंपन्यांसाठी जाहिरातींचं काम करते. कंपनीत एकाच ब्रँडमध्ये खोल जाता येतं. आपला निर्णय चुकला की तो सहा महिन्यांनी विक्रीच्या आकड्यांत दिसतो, आणि तो बघायला आपण तिथेच असतो. एजन्सीत वर्षाला दहा ब्रँड हाताखालून जातात, वेग जबरदस्त असतो, डेडलाइन कायम डोक्यावर असते. पण पुढे काय झालं हे पुष्कळदा कळतच नाही, कारण तोवर दुसरा ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते सांगणारी कामाची मागणी, आलेला असतो.

एजन्सीतली पदं नवख्याला चकवतात, म्हणून थोडं थांबून सांगते. तिथला ‘अकाउंट एक्झिक्युटिव्ह’ हिशेब लिहीत नाही. अकाउंट म्हणजे क्लायंट. क्लायंटकडून ब्रीफ घेणं, तो आतल्या लोकांना नीट समजावणं, काम वेळेत काढून घेणं आणि अप्रूव्हल मिळवणं हे त्याचं काम. यालाच ‘क्लायंट सर्व्हिसिंग’ म्हणतात. पुढची पदं अकाउंट मॅनेजर आणि अकाउंट डायरेक्टर. उलट ‘आर्ट डायरेक्टर’ नावात डायरेक्टर असूनही फारसा वरिष्ठ असेलच असं नाही. तो दृश्य बाजू सांभाळतो आणि मजकूर लिहिणाऱ्या कॉपीरायटरबरोबर जोडीने काम करतो. ही जोडी रूढ केली ती अमेरिकन जाहिरातकार बिल बर्नबाख यांनी. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या एजन्सीत दोघांना एकत्र बसवून कल्पना काढायला लावलं जाई. त्याआधी मजकूर लिहून झाला की तो चित्र काढणाऱ्याकडे जायचा. या जोडीच्या वर क्रिएटिव्ह डायरेक्टर असतो.

प्लॅनिंग किंवा स्ट्रॅटेजी हा विभाग त्यामानाने तरुण आहे. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅन्ली पॉलिट या दोघांनी वेगवेगळ्या एजन्सींत तो उभा केला. ग्राहकाची बाजू बैठकीत मांडणारा एक माणूस हवा, ही त्यामागची भूमिका. ज्यांना माणसं वाचायला आवडतात पण स्वतः जाहिरात लिहायची नाही, त्यांनी इकडे जरूर बघावं. मीडिया प्लॅनिंग आणि बायिंग म्हणजे पैसा कोणत्या माध्यमात, किती आणि कधी लावायचा. इथे गणित पक्कं लागतं.

दोन्हींपैकी एकही बाजू कायमची नसते. एजन्सीत तीन-चार वर्षं काढून कंपनीत जाणारे खूप आहेत. उलटा प्रवास करणारे कमी.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासा: ग्राहक कोण? माल सामान्य माणसाला विकला जातो की दुसऱ्या कंपनीला? दुसऱ्या प्रकारात, ज्याला बीटूबी म्हणतात, खरेदीचा निर्णय पाच-सात जण मिळून घेतात आणि त्याला महिने लागतात. तिथे झगमगीत जाहिरातींपेक्षा सविस्तर लेख, वेबिनार, प्रदर्शनं आणि विक्री टीमला लागणारं साहित्य यावर भर असतो. ज्यांना विषय खोदून समजून घ्यायला आवडतो त्यांच्यासाठी ही फार चांगली जागा आहे, पण फारसं कोणी तसं सांगत नाही.

पायरी ३: ग्राहकाच्या वाटेवर आपली जागा शोधा

ग्राहक आधी नाव ऐकतो, मग चौकशी करतो, तुलना करतो, विकत घेतो, आणि पटलं तर परत येतो. मार्केटिंगमधलं प्रत्येक काम या वाटेवर कुठेतरी उभं असतं.

वाटेच्या सुरुवातीला ब्रँडचं काम. आजच्या ब्रँड मॅनेजर या पदाची मुळं १९३१ सालच्या एका मेमोत सापडतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाची जाहिरात सांभाळत होते, आणि घरच्याच आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कोणाचं पुरेसं लक्ष नव्हतं. १३ मे १९३१ रोजी त्यांनी तीन पानी मेमो लिहून सुचवलं की प्रत्येक ब्रँडला स्वतःची माणसं द्या. कुठे विक्री घटली ते त्यांनी शोधावं, कारण तपासावं, उपाय आखावा आणि निकालाची जबाबदारी घ्यावी. पुढे हेच मॅकेलरॉय त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री. मला त्या मेमोतला क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यात जाहिरात बऱ्याच नंतर येते, आधी येतो तो विक्रीच्या आकड्यांचा अभ्यास. ब्रँडचं काम म्हणजे सुंदर फिल्म बनवणं असं समजून येणाऱ्यांचा हिरमोड होतो तो इथेच. ब्रँड टीममधल्या ज्युनिअरचा अर्धा आठवडा एक्सेलमध्ये जातो.

त्याच टप्प्यावर मार्केट रिसर्च आहे. प्रश्नावली बनवणं, लोकांशी बोलणं, आलेल्या उत्तरांतून अर्थ काढणं. पीआर म्हणजे जनसंपर्क: पत्रकारांशी संबंध, प्रसिद्धिपत्रक, आणि अडचणीच्या वेळी कंपनीने काय बोलायचं ते. इथे भाषा आणि संयम दोन्ही लागतात.

मधल्या टप्प्यावर कंटेंट आणि एसईओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. लोक काय शोधतात ते बघून त्यांना उपयोगी पडेल असं लिहायचं आणि सर्च इंजिनला ते सापडेल अशी मांडणी करायची. ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. शेती अवजारं बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढलं, टायर बनवणाऱ्या मिशेलिनने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी प्रवासाची मार्गदर्शिका काढली. दोन्हींत वाचकाला आधी उपयोगाची माहिती मिळत होती. कंटेंटमध्ये येऊ इच्छिणाऱ्याने हे मनावर कोरून ठेवावं. एसईओला धीर लागतो. आज केलेल्या कामाचं फळ काही महिन्यांनी दिसतं, आणि तोवर बॉसला समजावत राहायचं हासुद्धा कामाचाच भाग.

सोशल मीडिया मॅनेजरचं काम बाहेरून सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात पोस्टपेक्षा उत्तरं देणं जास्त असतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी रात्री नऊ वाजता सर्वांसमोर काय बोलायचं, याचा निर्णय अनेकदा टीममधल्या सर्वांत नव्या व्यक्तीवर पडतो. मुलाखतीत याबद्दल नक्की विचारा: अशा वेळी मी कोणाला फोन करायचा?

खरेदीच्या जवळ परफॉर्मन्स मार्केटिंग. सर्चवर, सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिराती लावायच्या आणि प्रत्येक पैशाचा हिशेब ठेवायचा. वेबवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या वेबसाइटवर झळकली, आणि गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं, जे २०१८ पासून गूगल अ‍ॅड्स या नावाने चालतं. सध्या नवख्यांना या कामात शिरणं त्यामानाने सोपं, कारण निकाल मोजता येतो आणि अनुभव नसलेल्यालाही छोट्या बजेटवर शिकवता येतं. धोकाही तिथेच आहे. रोजचे आकडे बघता बघता ग्राहक दिसेनासा होतो. दोन वर्षांत डॅशबोर्डशिवाय काही पाहिलं नाही, तर पुढची पायरी अवघड जाते.

प्रॉडक्ट मार्केटिंग हे विशेषतः सॉफ्टवेअर कंपन्यांतलं पद. उत्पादन बनवणारे आणि विकणारे यांच्या मधोमध बसून, हे कोणासाठी आहे, दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय, बाजारात कधी आणि कसं आणायचं, हे ठरवायचं. अगदी पहिली नोकरी म्हणून ही क्वचित मिळते. कंटेंट, सपोर्ट किंवा विक्रीतून लोक इथे येतात.

खरेदीनंतरच्या टप्प्यावर ई-मेल आणि सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवून त्यांच्याशी संबंध सांभाळणं. आहे तो ग्राहक टिकवायचा. माझी सुरुवात इथली. पहिल्या काही महिन्यांतच मी संपूर्ण यादीला एक ई-मेल पाठवला आणि त्यातली मुख्य लिंक जुन्या, बंद झालेल्या ऑफरची होती. पाठवलेला मेल परत घेता येत नाही. तासाभरात दुरुस्तीचा दुसरा मेल गेला, पण हजारो लोकांच्या वेळेशी आपण खेळलो याची बोच खूप दिवस राहिली. तेव्हापासून कोणतीही गोष्ट बाहेर जाण्याआधी ती स्वतःला आणि आणखी एका व्यक्तीला पाठवायची, फोनवर उघडायची, प्रत्येक लिंक दाबून बघायची, हा नियम मी मोडलेला नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून पाळा.

याशिवाय इव्हेंट, दुकानांतली मांडणी आणि वितरकांसाठीच्या योजना सांभाळणारं ट्रेड मार्केटिंग, आणि सगळी साधनं, डेटा, रिपोर्ट नीट चालू ठेवणारं मार्केटिंग ऑपरेशन्स. शेवटच्याकडे नवखे वळत नाहीत, पण तांत्रिक डोकं असेल तर तिथे माणसांची चणचण असते.

पायरी ४: पातळ्या समजून घ्या

कागदावरची उतरंड साधारण अशी: इंटर्न किंवा ट्रेनी, मग असिस्टंट, कोऑर्डिनेटर किंवा एक्झिक्युटिव्ह, मग सीनियर एक्झिक्युटिव्ह किंवा स्पेशालिस्ट, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर, सीनियर मॅनेजर, मग हेड किंवा डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट, आणि सर्वांत वर सीएमओ, म्हणजे चीफ मार्केटिंग ऑफिसर. पण ही नावं दगडावरची रेघ नाहीत. ‘एक्झिक्युटिव्ह’ काही ठिकाणी सुरुवातीचं पद, काही ठिकाणी संचालक मंडळाजवळचं. बँका आणि एजन्सींत व्हाइस प्रेसिडेंट पुष्कळ असतात. चार जणांच्या नव्या कंपनीत ‘हेड ऑफ मार्केटिंग’च्या हाताखाली कोणीच नसतं.

म्हणून एकच कॅम्पेन घेऊन पातळ्यांमधला फरक दाखवते. समजा जाहिरात १,००,००० वेळा दिसली. १.५ टक्के लोकांनी क्लिक केलं, म्हणजे १,५०० जण पेजवर आले. त्यातल्या २ टक्के लोकांनी खरेदी केली, म्हणजे ३० ऑर्डर. खर्च ३०,००० झाला. चलन कोणतंही धरा, एका ऑर्डरमागे १,००० पडले.

इंटर्न किंवा एक्झिक्युटिव्ह हे आकडे बिनचूक गोळा करतो आणि सोमवारच्या रिपोर्टमध्ये मांडतो. हे काम छोटं नाही. आकडा चुकला तर वरचे सगळे निर्णय चुकतात.

स्पेशालिस्ट विचारतो, गळती कुठे आहे? क्लिक ठीक येताहेत, पण पेजवर आलेले ९८ टक्के लोक परत जातात. तो पेज फोनवर उघडतो. फॉर्ममध्ये अकरा रकाने आहेत, त्यांतले सहा कशासाठी आहेत ते कोणालाच माहीत नाही. तो पाच ठेवतो आणि जुनं-नवं पेज एकाच वेळी निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवतो. नव्या पेजवर ३ टक्के खरेदी करू लागले तर त्याच १,५०० लोकांतून ४५ ऑर्डर येतील, आणि एका ऑर्डरचा खर्च ६६७ वर उतरेल.

मॅनेजर ठरवतो की आता या कॅम्पेनमध्ये आणखी पैसा घालायचा का, आणि घालायचा तर तो कोणत्या कामातून काढायचा. कोणाच्या तरी बजेटला कात्री लागणार, त्या माणसाशी बोलायचं कामही त्याचंच. डायरेक्टर विचारतो, या ४५ जणांतले किती परत आले? एका ग्राहकाकडून त्याच्या पूर्ण काळात आपल्याला जे उरतं, ते ६६७ पेक्षा पुरेसं जास्त आहे का? नसेल तर हे स्वस्त ग्राहक आपल्याला महागात पडताहेत. आणि सीएमओसमोरचा प्रश्न असा असतो की दोन-तीन वर्षांनी आपण याच ग्राहकासाठी काम करत असू का, आणि नसू तर किंमत, उत्पादन, वितरण यांत आतापासून काय बदलावं लागेल.

पातळी वर जाते तसा निर्णयाचा काळ लांबतो. आजचा रिपोर्ट, या महिन्याचा प्रयोग, तिमाहीचं बजेट, वर्षाची दिशा, आणि मग काही वर्षांचा अंदाज. पगार आणि ताण दोन्ही त्यातूनच येतात, कारण लांबच्या निर्णयाचं उत्तर लवकर मिळत नाही.

सर्वांत अवघड वळण स्पेशालिस्ट आणि मॅनेजर यांच्या मधलं. तिथवर तुमची किंमत तुमच्या हाताला असते. त्यानंतर ती इतरांकडून काम करून घेण्याला. उत्तम काम करणारी कितीतरी मुलं इथे घुसमटतात, कारण माणसं सांभाळणं त्यांना मनापासून आवडत नाही. तसं असेल तर ओढून-ताणून मॅनेजर होऊ नका. अनेक कंपन्यांत ‘सीनियर स्पेशालिस्ट’, ‘लीड’, ‘प्रिन्सिपल’ अशी वाट असते, जिथे टीम न घेता वर जाता येतं. नोकरी घेण्याआधी ही वाट आहे का ते विचारून ठेवा.

पायरी ५: जेडी ओळ न् ओळ वाचा

एक नमुना मीच बनवते. ‘मार्केटिंग मॅनेजर, अनुभव ०–१ वर्ष. सोशल मीडिया हाताळणे, ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, एसईओ, लीड जनरेशन, क्लायंट मीटिंग. दबावाखाली काम करण्याची तयारी.’

आता वाचू. शून्य अनुभवाला मॅनेजर म्हणजे पाटी फुगवलेली. सहा वेगवेगळी कौशल्यं म्हणजे टीम नाही, तुम्ही एकटेच. ‘लीड जनरेशन’च्या, म्हणजे संभाव्य ग्राहक मिळवण्याच्या, शेजारी ‘क्लायंट मीटिंग’ म्हणजे विक्रीही करावी लागण्याची शक्यता दाट. बजेटचा उल्लेख नाही, म्हणजे पैसा दुसरंच कोणी हाताळतं. वरिष्ठ कोण ते लिहिलेलं नाही, म्हणजे शिकवणारं बहुधा कोणी नाही.

ही नोकरी घेऊ नका असं मी म्हणत नाही. सगळ्याची चव घ्यायला एखादं वर्ष ती चांगली असू शकते. पण पहिल्या नोकरीत आपल्याच प्रकारचं काम करणारी एक वरिष्ठ व्यक्ती जवळ असणं, हे मला पदाच्या नावापेक्षा, आणि थोड्याफार जास्त पगारापेक्षाही, मोलाचं वाटतं. आपलं लिखाण कोणीतरी लाल करून परत दिलं पाहिजे.

पायरी ६: अर्ज करण्याआधी कामाचा एक नमुना तयार ठेवा

प्रमाणपत्रं मिळवायला हरकत नाही. गूगलच्या स्किलशॉपवर आणि हबस्पॉट अ‍ॅकॅडमीत ती फुकट मिळतात, आणि त्यातून शब्द ओळखीचे होतात. पण माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक अर्जांत तीच प्रमाणपत्रं असतात. लक्षात राहतो तो केलेल्या कामाचा पुरावा.

कंटेंट किंवा एसईओकडे जायचं असेल तर तुम्हाला खरोखर कळतं अशा एका विषयावर साधी वेबसाइट करा, आठ-दहा लेख लिहा आणि ती गूगलच्या सर्च कन्सोलला जोडा. ते साधन फुकट आहे आणि लोक कोणत्या शब्दांनी आले, किती वेळा तुमचं पान दिसलं, किती जणांनी उघडलं, सगळं दाखवतं. तीन महिन्यांनी त्यातलं एक पान निवडून ‘आधी असं होतं, हे बदललं, हे झालं’ एवढं एका पानावर मांडा. परफॉर्मन्ससाठी ओळखीतल्या छोट्या व्यावसायिकाची परवानगी घेऊन अगदी लहान बजेटवर एक प्रयोग करा. ब्रँड किंवा स्ट्रॅटेजीसाठी एखादं उत्पादन घ्या, ते वापरणाऱ्या दहा जणांशी बोला, आणि त्यांच्याच शब्दांत त्यांची अडचण लिहा. कॉपीरायटरने एकाच ब्रीफवर पंधरा मथळे लिहावेत आणि त्यांतले तीन का निवडले ते सांगावं.

प्रयोग फसला तरी चालेल. ‘क्लिक आले, ऑर्डर आल्या नाहीत, आणि मला वाटतं कारण हे’ असं सांगणारा उमेदवार मी सहसा सोडत नाही. आणि मसुदा एआयकडून करून घेतला असेल तर तसं स्पष्ट सांगा. पहिला मसुदा आता कोणीही काही सेकंदांत काढू शकतं. मला बघायचं असतं ते तुम्ही त्यातलं काय खोडलं आणि का.

पायरी ७: मुलाखतीत तुम्हीही विचारा

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हटलं की बहुतेक जण नाही म्हणतात. ती संधी दवडू नका. ‘पहिल्या तीन महिन्यांत माझं कोणतं काम झालं तर तुम्हाला समाधान वाटेल?’ या एका प्रश्नाने केआरए, म्हणजे तुमच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते, कागदावर नसला तरी कळतो. ‘माझं काम प्रसिद्ध होण्याआधी किती जणांचं अप्रूव्हल लागतं?’ याने वेग कळतो. ‘या पदावर आधी कोण होतं, आणि ती व्यक्ती आता कुठे आहे?’ हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण उत्तर ऐकण्यासारखं असतं. त्याच कंपनीत वरच्या पदावर गेली असेल तर उत्तम. वर्षभरात तीन माणसं बदलली असतील तर कारण विचारा. आणि ‘एखाद्या छोट्या खर्चाचा निर्णय मी स्वतः कधीपासून घेऊ शकेन?’ हा माझा आवडता. उत्तर देताना समोरचा विचारात पडला, तर त्यावरूनही तुमची खरी पातळी काय असेल त्याचा अंदाज येतो.

पायरी ८: पहिली दोन वर्षं

कामाचा प्रकार बदलायचा असेल तर याच काळात बदला. सोशल मीडियातून कंटेंटमध्ये, कंटेंटमधून प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये, परफॉर्मन्समधून अ‍ॅनॅलिटिक्समध्ये जाणं या टप्प्यावर सोपं असतं, कारण पगार आणि पद दोन्ही फार पुढे गेलेले नसतात. मॅनेजर झाल्यावर प्रकार बदलायचा तर बहुतेकदा एक-दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं.

एक वही ठेवा. दर शुक्रवारी त्यात तीनच ओळी लिहायच्या: या आठवड्यात मी काय ठरवलं, का ठरवलं, आणि काय झालं. सुरुवातीला पहिली ओळ कोरी राहील, कारण सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असेल. तरी लिहा. काही महिन्यांनी ‘मथळा मी निवडला’, मग ‘कोणतं पेज तपासायचं ते मी ठरवलं’, मग ‘या आठवड्याचं बजेट मी हलवलं’ अशा नोंदी दिसू लागल्या, तर पाटी बदलली नसली तरी तुम्ही वर चढला आहात, आणि अप्रेझलच्या बैठकीत ती वही उघडून दाखवता येते. वर्ष उलटलं तरी पहिली ओळ कोरीच राहिली, तर वरिष्ठांकडे जाऊन एक लहानसा निर्णय मागून घ्या. तोही मिळाला नाही, तर दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात करा.